एकशेऐंशी सकाळींची वही

प्रिय गुंड्या,

पाकीट उघडल्याबरोबर तुला हसू येणार, हे मला ठाऊक आहे. प्रत्येक पानाच्या खालच्या कोपऱ्यात पानाचा आकडा आहे आणि त्याच्या शेजारी माझी पूर्ण सही. सख्ख्या भावाला पत्र लिहितानाही ताईचं ऑफिस सुटत नाही, असं बायकोला ओरडून सांगशील. सांग. पण पानं क्रमानं ठेव, एकही हरवू नकोस आणि चहाचा कप त्यावर मुळीच टेकवू नकोस. शेवटपर्यंत एका दमात वाच. मधेच उठून फोन केलास तर मी उचलणार नाही. आज बुधवार. उद्या दुपारपर्यंत हे तुझ्या हातात पडेल आणि परवा शुक्रवार. शुक्रवारी संध्याकाळी पाचला आमच्याकडची हरकतींची खिडकी बंद होते, हे आधी डोक्यात पक्कं कर.

पाण्याच्या निधीची यादी लागली त्या दिवशी तुझा फोन आला होता. तुमच्या गावाला अडुसष्ट गुण आणि कट-ऑफ एकाहत्तर. तू चिडला नव्हतास, हेच मला जास्त लागलं. "तीन मार्कांनी गेलं गं ताई," म्हणालास, शाळेतला पोरगा सांगतो तसं. मग विचारलंस, "तपासायला कोण होतं, काही कळेल का?" मी म्हटलं, मला काय माहीत, आमच्याकडे बारा टेबलं आहेत. तू म्हणालास, बरं, आणि लगेच चिमुरडीच्या गोष्टी सांगायला लागलास. ती आता आवाजाकडे मान वळवते, तिच्या दुधात घालायला अजून आरोग्य केंद्रातले पाण्याचे कॅन आणावे लागतात, मागच्या आठवड्यात गाडी आली नाही म्हणून तू बारा किलोमीटरवरून पाणी आणलंस. मी हं हं करत होते. माझ्या कानाची पाळी गरम झाली होती.

गुंड्या, बारा टेबलांपैकी तुमची फाइल माझ्या टेबलावर होती.

माझ्या हुद्द्याचं नाव एवढं लांब आहे की आईला ते अजून धड सांगता येत नाही. ती शेजारपाजारी सांगते, "आमची मोठी पाण्याला मार्क देते." तसं पाहिलं तर तिचंच बरोबर आहे. गावं अर्ज करतात, आमच्या पाण्यात अमुक आहे, शुद्धीकरणाची यंत्रणा बसवायला निधी द्या. आम्ही पाण्याचे अहवाल, नकाशे, रोजच्या तपासणीच्या नोंदी वाचतो आणि शंभरपैकी गुण देतो. सगळी गावं तहानलेलीच असतात रे, पण यादीला कुठेतरी रेघ मारावी लागते. चौदा वर्षं मी ती रेघ मारते आहे आणि माझ्या कामाकडे कुणी बोट दाखवलेलं नाही. या गोष्टीचा मला गर्व होता, हेही सांगूनच टाकते.

नियम असा की, अर्ज करणाऱ्या गावात आपला जवळचा नातेवाईक कामाला असेल तर तसं लिहून द्यायचं आणि फाइल दुसऱ्याकडे सरकवायची. एक छापील कागद असतो, त्यात दोन चौकोन, आहे आणि नाही. मी 'नाही'वर खूण केली. मनात म्हटलं, तू पंपावर आता कुठे कायम झालास, आणि कागदावर तर अजून कर्मचाऱ्यांची जुनीच यादी आहे, तुझं नाव नसलेली. ही पळवाट होती. खरं कारण वेगळं होतं. माझ्याकडून निघाली असती तर फाइल शेजारच्या टेबलावर गेली असती आणि तिथे चिमटा बसतो. चिमटा म्हणजे आमचा एक सहकारी, प्रत्येक अर्जातून खडा काढल्याशिवाय त्याला जेवण जात नाही. मला वाटलं, माझ्या भावाच्या गावाचे कागद त्या माणसाच्या हाती नकोत. मी नीट बघेन. न्यायानं बघेन. न्यायाची मोठी हौस ना मला, लहानपणापासून!

आणि मग भीती बसली. पुढेमागे कुणी विचारलं तर? भावाचं गाव म्हणून झुकतं माप दिलं, असं कुणी म्हटलं तर? त्या भीतीनं मी तुमची फाइल अशी वाचली, जशी परक्याचीही कधी वाचली नाही. जिथे शंका तिथे गुण कमी. तरी गाडी बरी चालली होती, कारण तुमचं पाणी खरोखरच वाईट आहे आणि तुमच्या समितीनं काम चोख केलं होतं. शेवटी रोजच्या तपासणीच्या नोंदी हाती आल्या. एकशेऐंशी दिवस, रोज सकाळी सहाची नोंद, नायट्रेट किती, खाली तपासणाऱ्याची सही. तुझी सही. आणि अक्षर असं सुबक, की मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. एकच पेन, एकच शाई, पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत एकाच कलाने लिहिलेले आकडे. रविवारची नोंदसुद्धा सोमवारसारखीच. सहा महिने पहाटे उठून लिहिलेली वही अशी दिसत नाही. ती एका बैठकीत लिहिलेली होती, हे मला तत्काळ कळलं.

मला तुझा हवामानाचा तक्ता आठवला. चौथीत होतास. महिनाभर रोज आभाळ बघून लिहायचं होतं आणि तू शेवटच्या संध्याकाळी टेबलाखाली बसून तीसच्या तीस दिवस भरलेस, एक दिवस ढगाळ, एक दिवस निरभ्र. बाईंना तो इतका आवडला की त्यांनी भिंतीवर लावला. आणि मी, सातवीतली शहाणी, मधल्या सुट्टीत जाऊन त्यांना खरं काय ते सांगितलं. तुला दोन तास वर्गाबाहेर उभं केलं होतं. तीन दिवस तू माझ्याशी बोलला नाहीस. चौथ्या दिवशी माझ्या डब्यातला खाऊ पळवलास आणि आपलं पुन्हा सुरू झालं.

नोंदींच्या विश्वासार्हतेला दहा गुण असतात. मी तीन दिले. शेऱ्यात लिहिलं, 'नोंदी प्रत्यक्ष दैनंदिन घेतल्याबाबत शंका.' तुझ्याबद्दल लिहिलं मी हे. अशी शंका आली तर अर्जदाराकडे खुलासा मागता येतो, तीन ओळींचं पत्र असतं, सात दिवसांत उत्तर येतं. इतर गावांना मी अशी पत्रं ढिगानं पाठवली आहेत. तुम्हाला पाठवलं नाही, कारण उत्तर तुझ्या हातचं आलं असतं आणि मला वाटलं, नातेवाइकाशी पत्रव्यवहार कसा करायचा? बघ हं, 'नाही'वर खूण करताना नातं आठवलं नाही, प्रश्न विचारताना मात्र बरोबर आठवलं.

गेल्या रविवारी मी चिमुरडीला बघायला आले. तू मला पंपघर दाखवायला नेलंस, नवीन घर दाखवावं तशा थाटात. क्लोरिनच्या वासानं माझे डोळे चुरचुरत होते. तू कपाटातून चाचणीची पेटी काढलीस, नळीत पाणी भरलंस, पुडी टाकलीस आणि घड्याळ लावून थांबलास. रंग तक्त्याशी जुळवून बघितलास तेव्हा तुझा चेहरा उतरला. रोजचाच रंग असेल, तरी उतरला. "उकळलं की अजून वाढतं गं हे नायट्रेट," म्हणालास. "लोकांना सांगून सांगून दमलो. उकळून बाळाला देतात बिचारे." आणि मग खिडकीजवळच्या खिळ्याला दोरीनं टांगलेली ती वही मला दिसली. फुगलेली, पानं लाटांसारखी वाकडी, शाई पसरलेली. मी विचारलं, हे काय. तू हसलास. पंपाचा सांधा सुटला, फवारा थेट फळीवर उडाला, वही भिजली, म्हणून वाळवून दोन दिवस बसून नव्या रजिस्टरात उतरवून काढली. "आणि म्हटलं, ताईच्या ऑफिसात जाणार आहे, तिथे आपलं गिचमिड अक्षर नको. तुझी इज्जत जायची."

मी ती वही हातात घेतली. चार रंगांची पेनं, एक आठवडा पेन्सिल, एका ठिकाणी सहाऐवजी सव्वासहा आणि पुढे 'सायकल पंक्चर' असं लिहिलेलं. एका पानावर आकड्याच्या शेजारी बारीक अक्षरात 'मुलगी झाली' आणि त्याच दिवसाचीही नोंद, सहा वाजताची. त्या दिवशीही तू आधी पंपावर गेला होतास. मी वही परत खिळ्याला टांगली. चहा घेतला, चिमुरडीला मांडीवर घेतलं, तिनं माझं बोट धरलं आणि सोडेना. तुझी बायको म्हणाली, "आत्याला ओळखते बघा." मला तिथून पळून जावंसं वाटलं. बसमध्ये बसल्यावर मी खिडकीकडे तोंड करून रडले.

सोमवारी मी तुमचं रजिस्टर चिमट्यासमोर ठेवलं, गावाचं नाव झाकून. म्हटलं, सहज बघा, तुम्ही किती द्याल? त्यानं चार पानं उलटली. "इतकं टापटीप? नऊ. एक कापायचा म्हणून कापला." नऊ, गुंड्या. म्हणजे चौऱ्याहत्तर. ज्याच्या तावडीतून तुम्हाला वाचवायला मी धडपडले, त्यानं तुम्हाला पार करून दिलं असतं. आणि मी साप साप म्हणून भुई धोपटली, तीसुद्धा आपल्याच घरची.

दोन दिवस मी नियमांची पुस्तिका पालथी घातली. गुण कमी वाटतात म्हणून हरकत घेता येत नाही. मूळ अर्जाला नवा कागद आता जोडता येत नाही, त्यामुळे नुसती भिजलेली वही घेऊन आलास तर खिडकीवरूनच परत पाठवतील. हरकत फक्त एकाच कारणानं चालते, तपासणीच्या प्रक्रियेत दोष असेल तर. तो दोष मी आहे. नातं लपवून फाइल तपासली, याहून मोठा दोष पुस्तिकेत नाही. आज सकाळी मी तसं लेखी दिलं आणि आवक शिक्का मारून घेतला. पण आमच्या मोठ्या बाई दौऱ्यावर आहेत, त्या सोमवारी येतील, तोवर पाकीट कुणी फोडणार नाही, आणि शुक्रवारी पाचला यादी कायम होईल. पुढची यादी दोन वर्षांनी. तोवर चिमुरडी स्वतः नळाशी जाऊन ओंजळ धरेल.

आईला कालच सांगितलं. नोकरी जाईल का, असं तिनं विचारलं. चौकशी होईल, निलंबन तर नक्की, पुढचं ठाऊक नाही, असं मी खरं ते सांगितलं. तिनं हातातली भाजीची जुडी निवडून संपवली. मग म्हणाली, "लहानपणी त्याचं नाव सांगायला धावत गेली होतीस. आता स्वतःचं सांगायला चालत तरी जा." मला भीती वाटते आहे रे. हात दाखवून अवलक्षण करून घेतेस, असं ऑफिसात सगळे म्हणतील. पण तुझ्या वहीतलं ते 'मुलगी झाली' डोळ्यांपुढून जात नाही.

आता हे पत्र का, ते ऐक. फोनवर सांगितलं असतं तर तू मला अडवलं असतंस, आणि फोन हरकतीला जोडता येत नाही. पुरावा म्हणून मूळ कागद लागतो, तपासणाऱ्याच्या हस्ताक्षरातला, पानोपानी सही आणि आकडा असलेला. तो तुझ्या हातात आहे. समितीच्या अध्यक्षांची सही घे, हे पत्र अख्खं हरकतीच्या अर्जाला जोड आणि शुक्रवारी पाचच्या आत खिडकीवर दे. माझ्यावर दया येऊन एखादं पान काढून ठेवू नकोस, तुझ्यावर शंका घेतली ते तर मुळीच नको. पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नकोस. फेरतपासणी लागली की नवा माणूस मूळ वही मागेल, ती खिळ्यावरून काढून आहे तशी दे, इस्त्री करत बसू नकोस. आणि हरकतीचा अर्ज तू स्वतः लिही, तुझ्या त्या गिचमिड अक्षरात. या वेळी उतरवून काढू नकोस.

तुझीच,
ताई
(खाली पूर्ण सही आणि हुद्दा आहे, तो नियमासाठी. वरचं 'ताई' तुझ्यासाठी.)