हाय म्हणा, अण्णा

अण्णा, आज ऑफिसात नव्याने लागलेल्या मुलामुलींना मेल कसा लिहायचा ते शिकवत होते. दरवर्षी शिकवते. सुरुवातीला पडद्यावर जुन्या वळणाचं एक पत्र दाखवते, ते वाचून सगळे हसतात आणि वर्ग सैल होतो. पत्र मी रचलेलं आहे, पण वाक्यं तुमची आहेत. ‘आय बेग टू स्टेट’, ‘द अंडरसाइन्ड’, ‘युवर गुड सेल्फ’. हसणं चालू असताना मी मध्ये बोलत नाही, पुरतं हसू देते. आज ते नेहमीपेक्षा लांबलं. एक मुलगी डोळे पुसत म्हणाली, ‘मॅम, असं खरंच कोणी लिहायचं?’ मी म्हटलं, हो, लिहायचे, आणि त्याचा त्यांना फार तोरा होता. घरी आले, चहा घेतला आणि तुम्हाला लिहायला बसले.

लालबागच्या आपल्या चाळीत इंग्रजी येणारा माणूस म्हणजे तुम्ही. आजोबा गिरणीत गेले, काका गिरणीत गेले, आणि तुम्ही गेलात बॅलार्ड इस्टेटला, जहाजांवरचा माल सोडवून देणाऱ्या कंपनीत, पत्रव्यवहार बघायला. रविवारी सकाळी लोक अर्ज लिहून घ्यायला यायचे. कोणाला पासपोर्टसाठी, कोणाला मुलाच्या शाळेसाठी, कोणाला गिरणीतल्या फंडासाठी. तुम्ही खुर्चीत आणि ते दाराशी उभे. बसा, असं तुम्ही कोणाला म्हटल्याचं मला आठवत नाही. ते आपलं गाऱ्हाणं मालवणीत सांगायचे, तुम्ही ऐकून घ्यायचात आणि मग विचारायचात, ‘ह्याला इंग्रजीत काय म्हणतात, ठाऊक आहे का?’ ठाऊक असतं तर ते आले कशाला असते. पण त्यांच्या तोंडून ‘नाही’ ऐकल्याशिवाय तुमच्या पेनाचं टोपण निघत नसे.

आणि घरात आम्ही दोघी, आई आणि मी. मी सातवीत होते. गणपतीला पाहुणे आलेले, खोली भरलेली, आई मोदकांच्या गडबडीत. तुम्ही माझ्या हातात इंग्रजी पेपर दिलात आणि मोठ्याने वाच म्हणालात. मी चांगलं वाचत होते. मग ‘कर्नल’ हा शब्द आला आणि स्पेलिंग दिसतं तसा मी तो ‘कोलोनेल’ वाचला. तुम्ही मला थांबवलंत, पुन्हा वाचायला लावलंत, मग शेजारच्या खोलीतल्या काकांना हाक मारून बोलावलंत आणि तिसऱ्यांदा वाचायला लावलंत. सगळे हसले. त्या दिवसापासून तुम्ही मला कोलोनेल म्हणू लागलात. ‘कोलोनेल, पाणी आण.’ ‘कोलोनेल झोपली का?’ मग गॅलरीतली पोरं म्हणू लागली, मग पोरांच्या आया. दहावी होईपर्यंत चाळीत माझं नाव तेच होतं. बरोबर उच्चार काय, ते तुम्ही मला कधी सांगितलंच नाहीत. तो मी शाळेतल्या बाईंना विचारला.

आईचं त्याहून वाईट. घरात फोन नवीन आला होता तेव्हाची गोष्ट. तुमच्या साहेबांचा फोन तिने उचलला आणि घाबरून म्हणाली, ‘ही नॉट इन द हाऊस, ही इन द मार्केट.’ निरोप पोचला होता, अण्णा. साहेबांनी तुम्हाला दुसऱ्या दिवशी तसं सांगितलंही. तुम्ही मात्र ते वाक्य तिच्या आवाजात, तिच्या हातवाऱ्यांसकट, तिच्या माहेरच्या माणसांसमोर करून दाखवलंत. तिचा सख्खा भाऊ हसला. त्यानंतर फोन वाजला की आई पदराला हात पुसत त्याच्यासमोर उभी राहायची, आणि तो वाजायचा थांबेपर्यंत तशीच उभी असायची.

मग तुमची कंपनी परदेशी लोकांनी विकत घेतली. तोवर मी नोकरीला लागले होते. बाहेरच्या देशांतल्या गिऱ्हाइकांना उत्तरं लिहायचं काम. मी काय लिहिते, हे तुम्ही कधी विचारलं नाहीत. नव्या मालकांनी ठरवलं की ज्यांचा बाहेरच्यांशी पत्रव्यवहार असतो त्या प्रत्येकाने व्यावसायिक इंग्रजीचा वरच्या पातळीचा कोर्स करायचा. पास होतील ते ऑफिसात राहतील, बाकीचे वडाळ्याच्या गोदामावर जातील. तुम्हाला त्यात धोका दिसलाच नाही. कडक इस्त्रीचा शर्ट घालून तुम्ही दादरच्या क्लासला निघालात आणि आईला म्हणालात, ‘ह्या वयात मला कोण काय शिकवणार? मीच त्यांना चार गोष्टी सांगून येतो.’ परत आलात ते तोंडासमोर पेपर धरूनच बसलात. दुसऱ्या दिवशीही तसंच. आईने विचारलं तर म्हणालात, ‘ठीक आहे, पोरकट आहे सगळं.’

त्या शनिवारी आई आणि मी दादरला भाजी घ्यायला गेलो होतो. तुमचा क्लास तिथेच, एका साडीच्या दुकानाच्या वर. आई म्हणाली, ‘जा, तेंका सांग, एकदमच घराक जावया.’ मी वर गेले. दाराला काच होती. आत माझ्या वयाची मुलं, शिकवणारी बाई तीही माझ्याच वयाची, आणि पडद्यावर तुमचं पत्र. खालचं नाव झाकलं होतं, पण मी ते ओळखलं, आणि बाकीच्यांनीही ओळखलं असणार, कारण सगळे तुमच्याकडेच बघत होते. बाई विचारत होती, ‘माल उशिरा येणार, एवढं सांगायला हे सगळं लागतं का?’ तुम्ही उभे राहिलात. बाह्यांची बटणं चाचपलीत. ‘मॅडम, धिस इज द करेक्ट फॉर्म.’ ती गोड हसून म्हणाली, ‘करेक्ट आहे, अंकल. पण वाचणार कोण?’ मग तिने तुम्हाला पुढे बोलावलं. फोनवर चिडलेलं गिऱ्हाईक आहे असं समजून बोलायचं होतं. तुम्ही रिकामा हात कानाला लावलात आणि सुरू केलंत, ‘मे आय हॅव द ऑनर ऑफ नोइंग’, आणि पुढचं सगळ्यांच्या हशात बुडालं. तुमच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मला बाहेरून दिसत होत्या. बाई म्हणाली, ‘रिलॅक्स, अंकल. घरी बोलता तसं बोला.’

घरी बोलता तसं. मी दार ढकललं असतं तर तिथेच सगळं थांबलं असतं. निदान तुम्हाला खाली बसायला निमित्त मिळालं असतं. मी दार ढकललं नाही. मला बघायचं होतं. पोटात छान वाटत होतं, भूक लागलेली असताना पहिला घास जातो तसं. पुरेसं बघून झाल्यावर खाली आले आणि आईला म्हटलं, ‘त्यांना वेळ आहे अजून. चल, आपण उसाचा रस घेऊ.’

पुढच्या आठवड्यात, पेपर वाचत असल्यासारखं करत, तुम्ही विचारलंत, ‘तुमच्या ऑफिसात पत्राची सुरुवात हल्ली कशी करतात?’

‘पत्र नसतं. मेल असतो.’

‘बरं. मेलची.’

‘लिहून दाखवा, मग सांगते.’

आणि त्या संध्याकाळी आपण स्वयंपाकघरात समोरासमोर बसलोय. आई भाकऱ्या थापतेय. तुम्ही लिहिलेलं मी वाचते, अर्ध्याहून जास्त खोडते आणि कागद तुमच्याकडे सरकवते.

‘हे का काढलंस?’

‘गरज नाही त्याची.’

‘अगं, सभ्यता असते ती.’

‘वेळ खाणं असतं ते. समोरच्याला काय हवंय? माल कधी येणार. तेवढं सांगा.’

‘आणि सुरुवात?’

‘हाय, आणि पुढे त्याचं पहिलं नाव.’

तुम्ही चष्मा काढता. ‘साहेबाला नावाने हाक मारू?’

‘हाय म्हणा, अण्णा.’

तुम्ही पुटपुटता. मी म्हणते, ऐकू आलं नाही. तुम्ही जरा मोठ्याने म्हणता. मी म्हणते, असं नाही, हसून म्हणा, फोनवर हसणं ऐकू येतं. तुम्ही हसता, म्हणजे ओठ ताणता. पुन्हा. अजून एकदा. दार उघडंच आहे. गॅलरीत खेळणारी पोरं थांबून ऐकतात आणि मग त्यातलं एक म्हणतं, ‘हाय.’ दुसरं म्हणतं, ‘हाय, अंकल.’ मला उठून दार लावता आलं असतं. मी म्हणते, ‘पुन्हा म्हणा.’

आई तव्यावर भाकरी टाकून वळते. ‘गो, तेंका कित्याक छळतंस?’

आणि तुम्ही तिला म्हणता, ‘तू मध्ये पडू नकोस. शिकवतेय ती. शिकवणं असंच असतं.’

त्यानंतर कितीतरी दिवस मला हे वाक्य गिळता येत नव्हतं. तुमच्या आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. तुम्हाला खरंच तसं वाटत होतं. म्हणजे गणपतीतलं ते वाचन, तो फोन, दाराशी उभे केलेले लोक, हे सगळं तुमच्या लेखी शिकवणं होतं. मी इतकी वर्षं समजत होते की तुम्हाला आम्हाला दुखवायचं असतं. ते परवडलं असतं. दुखवणाऱ्याला निदान समोर कोणीतरी आहे हे कळत असतं. तुम्हाला तेवढंही कळलं नव्हतं.

परीक्षेच्या आधी तुम्ही दादरहून माझ्यासाठी एक पर्स आणलीत, तपकिरी, ऑफिसला न्यायला. त्याआधी तुम्ही मला डिक्शनऱ्या आणि व्याकरणाची पुस्तकंच आणली होतीत. ‘तुला बरी दिसेल,’ म्हणालात आणि लगेच आंघोळीला निघून गेलात. तुम्ही टॉवेल गुंडाळून बाहेर येईपर्यंत मी थांबले, आणि तुमच्या देखत ती आईच्या हातात दिली. आई ती भाजीला न्यायची. मिरच्या, कोथिंबीर, आल्याचे तुकडे, सगळं त्यात.

तुम्ही पास झालात. चांगले पास झालात. बाईने सगळ्यांसमोर तुमचं नाव घेतलं म्हणे. तुम्ही पेढे आणलेत आणि आईच्या हातात पुडा देताना म्हणालात, ‘हाय.’ ती हसली. तुम्ही केलेली गंमत आणि त्यावर हसलेली आई, हे मी एवढं एकदाच पाहिलं.

आणि मग वडाळ्याला पाठवायच्या लोकांची नावं आली. त्यात तुम्ही होतात. नावं कोर्स सुरू व्हायच्या आधीच ठरली होती, वयावरून, हे तुमच्या ऑफिसातल्या कोणीतरी तुम्हाला मागाहून सांगितलं. तुम्हाला आलेला मेल तुम्ही छापून घरी आणलात आणि माझ्यासमोर ठेवलात. वर ‘हाय’, पुढे तुमचं पहिलं नाव, खाली मोजक्या छोट्या ओळी. कळवायला आनंद होतो, तुमच्या अनुभवाचा वडाळ्याला फायदा होईल, सोमवारपासून तिथे हजर व्हा. एक शब्द जास्तीचा नाही. असे मेल मी लिहिते, अण्णा. तेव्हाही लिहायचे. चांगला मेल होता तो.

‘ह्याला उत्तर काय देऊ?’

‘मोठं काही द्यायचं नसतं. थँक्स लिहा फक्त.’

‘फक्त थँक्स?’

‘आणि खाली नाव.’

तुम्ही ते कागदावर लिहिलंत आणि कागद माझ्याकडे सरकवलात. तपासायला. मी वाचला आणि बरोबरची खूण केली.

वडाळ्याला तुम्ही गोदामाच्या फाटकाशी टेबल टाकून बसायचात, आत-बाहेर जाणाऱ्या ट्रकांची नोंद ठेवायचात. रविवारचे अर्जवाले यायचे बंद झाले होते. पोरांनी चाळभर तुमची नक्कल केली म्हणून असेल, किंवा लोकांच्या घरातच आता कोणी ना कोणी लिहिणारं झालं म्हणून असेल. तुम्ही घरात इंग्रजी शब्द काढेनासे झालात. हळूहळू मराठीही काढेनासे झालात. जेवायचात, ताट उचलून ठेवायचात, भिंतीकडे तोंड करून झोपायचात. आम्ही दोघींनी तुम्हाला काही विचारलं नाही. आम्हाला ती शांतता आवडत होती. निवृत्तीच्या आधीच तुम्ही गेलात, फाटकाशीच, दुपारी जेवता जेवता.

तेरावं झाल्यानंतरच्या रविवारी वडाळ्याहून काही लोक घरी आले. ट्रक भरणारे-उतरवणारे माथाडी. त्यातले एक म्हातारे गृहस्थ दारातच रडायला लागले. म्हणाले, साहेब रोज आमच्यात बसून जेवायचे, डब्यातली भाजी आधी आम्हाला वाढायचे. दुसरा म्हणाला, मालवणीतून गजाली सांगायचे, हसून हसून पोटात दुखायचं. कोणाला लागेल असं कधी बोलले नाहीत. त्याच्या मुलीला इंग्रजीत अडायचं, तर तुम्ही तिला दर शनिवारी फाटकाशी बसवून शिकवलंत म्हणे. ती चुकली की म्हणायचात, ‘असांदे गो, माझापण चुकता.’ आई भिंतीला टेकून ऐकत होती. तिने माझ्याकडे बघितलं. हे कोणाबद्दल बोलतायत, असा तिचा चेहरा झाला होता.

मला संताप आला होता. अजून येतो. असा माणूस तुमच्यात होता, आणि तो आम्हाला कधी मिळाला नाही. संध्याकाळी घरी येताना तुम्ही त्याला रोज त्या फाटकावरच सोडून यायचात. मी तुम्हाला माफ केलेलं नाही. तुम्ही माफी मागितलीही नव्हतीत म्हणा. हे लिहून झालं की फाडून टाकणार आहे, पाठवायला पत्ताही नाही.

फक्त त्या दिवशीचं एक राहिलंय. ते लोक उठायला लागले तेव्हा मी त्यांना म्हटलं, बसा, अजून थोडा चहा घ्या. घरात दूध संपलं होतं. मी शेजारी जाऊन मागून आणलं आणि मुद्दाम मंद आचेवर ठेवलं. तेवढ्या वेळात ते तुमच्याबद्दल अजून काही सांगतील म्हणून.