चारनंतर एकदम सहा

पत्र क्रमांक ३
ब्रेमर्टन, सोमवार, ३ मार्च

प्रिय ब्रिटा,

आम्ही इकडे बरे आहोत, तूही तिकडे बरी असशील असं धरून चालतो. तिकडे म्हणजे कुठे, ते विचारायचं नाही. विचारलं तरी कुणी सांगणार नाही, आणि सांगितलंच तर मला आत टाकतील. पाण्याखाली आहेस एवढं माहीत आहे, तेवढं पुरे.

तू म्हणशील, पहिली दोन पत्रं आईची, मग तिसऱ्याला हा बाबा कुठून उगवला? अगं, आईच्या हाताला जरा कळ लागली आहे, टाइप करायला त्रास होतो. विशेष काही नाही. पण पोरीला सत्तर दिवस 'उत्तर दरवाजा'शिवाय ठेवायचं म्हणजे पाप, म्हणून ही हेरांची मालिका बघून तुला सांगायचं काम माझ्या गळ्यात पडलं. आईसारखं लिहिता येत नाही मला. ती एका भागावर असं लिहायची की तुमच्या बोटीवर दहाजण ओळीने वाचायचे, असं तूच सांगत होतीस. माझं पत्र तू एकटीनेच वाच.

तर भाग तिसरा. आपल्या इरिन व्हॉसबाई चोरून पाठलाग करायला निघतात. कशात? लालभडक कोटात. अख्ख्या शहरात लाल कोट एकच, तो हिच्या अंगावर, आणि पुढे चाललेल्या हेराला पत्ता नाही! तो तीनदा मागे वळून बघतो. तिन्ही वेळा ती भिंतीकडे तोंड करून उभी राहते, शाळेत शिक्षा झाल्यासारखी. मग ती बंदरात उडी मारते. भर हिवाळ्यात. बाहेर येते तेव्हा केस कोरडे ठणठणीत.

त्यात त्यांनी पाणबुडी दाखवली. काय सांगू! आत एवढी मोकळी जागा की तुझं लग्न तिथेच लावलं असतं. अधिकारी हातात कॉफी घेऊन फेऱ्या मारतायत. मी दाराचे जोड बघत होतो. एकही वेल्ड खरा नाही, नुसता चंदेरी रंग फासलाय. अडतीस वर्षं गोदीत जोड मारले मी, मला शिकवतात!

आईची लाडकी मिसेस क्वेल, ती सगळ्या हेरांची मुख्य म्हातारी, या भागात फक्त विणकाम करत बसली होती आणि बसल्या जागी दोन माणसांना नोकरीवरून काढलं. आई असती तर टाळ्या वाजवल्या असत्या. म्हणजे आहेच ती. आत झोपली होती म्हणून म्हणतो.

वर नंबर टाकला आहे. पत्रं तुमच्याकडे गठ्ठ्याने, मागेपुढे पोचतात, म्हणून नंबर टाकायचाच, ही आईची ताकीद लक्षात आहे.

तुझा
बाबा

•

पत्र क्रमांक ४
सोमवार, १० मार्च

प्रिय ब्रिटा,

तुझा एक ओळीचा निरोप आला. "आईचा हात कसा आहे?" बरा आहे गं. सुधारतोय.

चौथा भाग आम्ही शेजारच्या रोहेलियोबरोबर पाहिला. तो नौदलात बावीस वर्षं आचारी होता, त्यामुळे मालिकेत कुणी काहीही खाल्लं की हा ओरडतो, "अरे, तो सूप चमच्याने ढवळतोय की होडी वल्हवतोय?" नर्सने येऊन दोनदा गप्प केलं. म्हणजे नर्स मालिकेतली. नाही, ते असो. टीव्ही छोटा होता, पार छताजवळ टांगलेला, माझी मान आखडली.

भाग असा. दातांचा डॉक्टर ग्रेबल हाच मोठा खलनायक निघाला. लोकांच्या दाढेत यंत्र बसवून तो त्यांचं बोलणं ऐकतो. आता मला सांग, माणसाच्या तोंडात बसून त्याचं बोलणं ऐकायचं तर दिवसभर चावणंच ऐकू येणार की! इरिनला त्याने खुर्चीला बांधलं आणि आपली सगळी योजना सविस्तर सांगितली, अगदी तारखेसह. रोहेलियो म्हणाला, "वेन, या लोकांना ऐकणारं कुणी नसतं रे. घरी बायको नसते, म्हणून जो बांधलेला सापडेल त्याला सांगत सुटतात." मी हसलो आणि मग हसू येईना.

शेवटी मिसेस क्वेलला गोळी लागली. विणकाम हातातच, सुई खाली पडली, आणि काळा पडदा. मला घाम फुटला, खरंच. मालिका आहे हे समजतं, तरी. रोहेलियो म्हणाला, "ती मरत नाही बघ. सुरुवातीला जिचं नाव सगळ्यात मोठ्या अक्षरांत येतं, ती मरत नाही." मी म्हटलं, "तुझ्या तोंडात साखर पडो."

त्याने लुंपियांचा, त्या तळलेल्या सुरळ्यांचा, मोठा डबा आणला होता. मी दोन खाल्ल्या. तो म्हणतो मी वाळलोय. त्याला काय, उगाच बडबडतो.

तुझा
बाबा

•

पत्र क्रमांक ५
गुरुवार, १३ मार्च

ब्रिटा, माझ्या पोरी,

मला हे जमत नाही.

निघण्यापूर्वी तुम्हा सगळ्यांकडून तो कागद भरून घेतात, घरी काही बरंवाईट झालं तर समुद्रावर असताना कळवायचं की परतल्यावर. तू 'परतल्यावर' वर खूण केलीस. आपल्याच स्वयंपाकघरात, आई समोर बसली होती. ती म्हणाली, "शहाणी गं माझी. कळून तू काय करणार, खिडकी उघडून बाहेर येणार?" आपण तिघंही हसलो होतो. मीसुद्धा हसलो, मला तेव्हा काय माहीत.

आईला पक्षाघाताचा झटका आला. २५ फेब्रुवारीला, सकाळी, तुला दुसरं पत्र पाठवून उठली आणि टेबलापाशीच खाली बसली. उजवा हात गेला, बोलणं गेलं. मी रविवारचे दोन्ही भाग तिच्या खाटेशेजारी बसून पाहिले. तिचे डोळे पडद्याकडे असतात, पण तिला काय कळतं, काय नाही, कुणी छातीठोक सांगत नाही. मी विनोद वाचून दाखवतो, ती हसत नाही. मी लिहिलेले विनोद हसण्यासारखे नसतात, ते एक आहेच.

उद्या तिच्या मानेतली रक्तवाहिनी साफ करणार आहेत. नाही केलं तर दुसरा झटका, आणि करताना टेबलावरच झटका येऊ शकतो, असं डॉक्टरीणबाईंनी मला समोर बसवून सांगितलं. सही मी केली. ब्रिटा, सही करताना मला वाटलं, हे तुला विचारायला हवं होतं. तिची एकुलती एक पोर तू. तुला न विचारता मी तिला आत पाठवतोय, आणि ती परत आली नाही तर तू महिनाभर तिच्या विनोदांची वाट बघत बसशील. कसं सहन करायचं मी ते?

रागाव हवं तर. पण मला खोटं लिहवत नाही. मी फार घाबरलोय.

बाबा

•

पत्र क्रमांक ६
सोमवार, १७ मार्च

प्रिय ब्रिटा,

कुटुंबांची पत्रं बोटीकडे पोचवणाऱ्या पेगबाईंनी परवा फोनवर माझी शिकवणी घेतली. "वेन, बोटीवरच्या पोरांना हसवायचं, दुसरं काही नाही." बरोबर आहे त्यांचं. नियम तो नियम. तर घे, हसवतो.

पाचवा भाग. सुरुवातीला इरिन एका उंच इमारतीवरून उडी मारते आणि खाली नेमका गाद्यांचा ट्रक. गाद्यांचा! शहरात रोज किती ट्रक गाद्या नेतात? आणि वरचं झाकण उघडं ठेवून? पाऊस नाही का पडत तिकडे? मग ती ट्रकवाल्याला म्हणते, "चला, त्या काळ्या गाडीच्या मागे." आणि तो जातो. एका शब्दाने विचारत नाही, बाई, माझ्या गाद्या कोण पोचवणार?

मग ग्रेबलच्या दवाखान्यात बॉम्ब. तीन तारा. इरिन घाम पुसते, हिरवी कापू की निळी कापू, आणि चिमटा नाही म्हणून दाढ उपटायच्या सांडशीने कापते. दोन सेकंद उरले असताना घड्याळ थांबतं. यांची घड्याळं कधी वीस मिनिटं आधी थांबली तर काय बिघडेल? अर्धा तास माणूस नुसता बसून राहतो, घड्याळाकडे बघत, दार कधी उघडेल म्हणून. असो.

शेवटी मिसेस क्वेलला पुरलं. काळ्या छत्र्या, पेटी, सगळे हेर काळे चष्मे लावून रांगेत, म्हणजे शत्रूला मोजायला सोपं. इरिन रडली. चांगलं दाखवलं होतं. त्यापुढचं मला नीट आठवत नाही.

आईचं विचारशील तर ती विश्रांती घेतेय.

तुझा
बाबा

•

पत्र क्रमांक ७
मंगळवार, २५ मार्च

ब्रिटा, बाळा,

हे पत्र पेगबाईंनी आधी वाचलं आहे, बोटीवर विचारलंही आहे. एवढं जाऊ देतील म्हणाल्या. म्हणून आधी तेच लिहितो. तुझी आई आहे. ऐकलंस ना? आहे.

तुझा निरोप काल आला. "बाबा, चारनंतर एकदम सहा. पाच नंबर आलं नाही, आणि सहामध्ये तुम्ही म्हातारीला पुरलंत. मला कळलं. मी कामावर जाते आहे." ब्रिटा, तो वाचून मी अंगणात जाऊन उभा राहिलो आणि रोहेलियोने मला धरून आत आणलं. "गाढवा," तो म्हणाला, "तू काय लिहून बसलास त्या पोरीला!"

गाढवपणा असा. पाचवं पत्र मी लिहिलं, ते पेगबाईंनी अडवलं. दुसरा कुणी असता तर पुढच्याला पाच नंबर टाकून गप्प बसला असता. पण मी गोदीतला माणूस. आमच्याकडे प्रत्येक जोडाला नंबर असतो, आणि खराब निघून कापून टाकला तरी त्याचा नंबर दुसऱ्याला कधीच देत नाहीत. नव्या जोडाला नवा नंबर. अडतीस वर्षांत हात तसाच वळलाय. बोटं आपोआप सहावर गेली, डोकं कुठे होतं कुणास ठाऊक. तुला त्या रिकाम्या जागेत काय काय दिसलं असेल, याचा विचार करवत नाही.

आणि म्हातारीचं. मला काही सुचवायचं नव्हतं गं. मी तुला असलं काही आडून सांगेन, एवढी अक्कल मला कधी होती? जे पडद्यावर दिसलं ते लिहिलं. छत्र्या दिसल्या, पेटी दिसली, मग आईच्या खाटेशेजारीच माझा डोळा लागला. तीन दिवस पाठ टेकली नव्हती.

आजारपणाचं जास्त लिहायची परवानगी नाही. आई आजारी होती, अजून आहे, उजवा हात काम करत नाही, बोलणं नाही. १४ तारखेला, शुक्रवारी, तिची शस्त्रक्रिया झाली, पण त्यानंतर दहा दिवस ती नुसती भिंतीकडे बघायची. मी हाक मारली तरी भिंतच. मला वाटलं, परत आली ती दुसरीच कुणीतरी, आणि तू परतलीस की बंदराच्या धक्क्यावर हे तुला कोणत्या तोंडाने सांगू.

काल तुझा निरोप मी तिला वाचून दाखवला. वाचायला नको होता, नर्स माझ्यावर डाफरली. पण दुसऱ्या कुणाला सांगणार होतो? मग माझं सहावं पत्रही वाचलं, कुठे चुकलो ते बघायला. छत्र्यांपर्यंत आलो आणि तिने डाव्या हाताने माझी बाही धरली. जोरात. मी म्हटलं, "काय गं? दुखतंय?" तिने डोळे मोठे केले, लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली, ते डोळे मी ओळखतो. रागावलेली होती. माझ्या मांडीवरच्या संगणकाकडे बोट केलं. मी तिच्यापुढे ठेवला.

एका बोटाने, डाव्या हाताच्या, एकेक अक्षर शोधत. पाऊण तास लागला. मी मदतीला हात पुढे केला तर हातावर चापट मारली. डॉक्टरीणबाई दारात उभ्या राहून बघत होत्या, त्यांनी मला खूण केली, राहू दे. तिने काय लिहिलं ते मी तिचं झाल्यावरच वाचलं, आणि एका अक्षरालाही हात न लावता खाली ठेवतो आहे. माझी सही वरच करतो, कारण शेवट तिचा आहे.

तुझा बाबा

ब्रिटा, खोटं आहे सगळं. पेटी रिकामी होती. म्हातारी शेवटी आगगाडीत बसून विणत होती. बाबा घोरत होते. पुढचा भाग मी सांगेन.
आई