बाबांना तळं मानवलं

३ मार्च, मंगळवार

बाबा येत्या एक तारखेपासून तळ्यावर राहायला जाणार! कायमचे! जेवता जेवता सांगितलं, जणू केस कापायला निघालेत. दर रविवारी जातातच तिथे; आता मौनीबाई म्हणून कुणी आहेत, त्यांनी खोल्या बांधल्यात. माणसं पाण्याकडे तोंड करून तासन्‌तास बसतात, बोलायला बंदी. पाणी आणि डोंगर मिळून म्हणे मनातला गाळ काढतात. गाळ! आई जाऊन वर्ष झालं, घरात आम्ही दोघंच. "आणि माझं काय?" म्हटलं. ताटात बघत म्हणाले, "बरं."

५ मार्च, गुरुवार

दादाचा फोन. "अगं, बाबांना तळं मानवलंय. किती शांत झालेत!" ह्याला परगावाहून शांती दिसते. पण खोटं तरी कसं म्हणू? पूर्वी भांडं पडलं तर घर डोक्यावर घ्यायचे. आता कुकर शिट्ट्यांवर शिट्ट्या मारतो आणि हे आपले खिडकीबाहेर बघत बसलेत. शेजारच्या काकू तर त्यांच्या पाया पडायच्या बाकी आहेत.

मला नाही पटत. कुठेतरी पाणी मुरतंय. ही मौनीबाई एकट्या म्हाताऱ्यांनाच बरी गोळा करते!

६ मार्च, शुक्रवार

बाबांच्या शर्टाचे खिसे तपासले. एक रुमाल, एक गुळगुळीत दगड. लाज वाटली — तरी पॅंटचेही तपासले.

८ मार्च, रविवार

बाबांच्या मागोमाग तळ्यावर गेले. जागा सुंदर आहे, तेवढं कबूल. पंधरावीस माणसं काठावर, बाबा अगदी पुढे. मौनीबाई म्हणजे सुती साडीतली साधी बाई निघाली, गुडघे धरून बसलेली. मी झाडाआडून तिच्यावरच डोळा ठेवून होते.

तेवढ्यात मागच्या रस्त्यावर ट्रकने कर्कश्श हॉर्न दिला. सगळे दचकले. एकाने तर शिवी हासडली. बाबा हलले नाहीत. बाई माझ्याजवळ येऊन कुजबुजली, "बघा, किती खोल गेलेत! हाक मारली तरी वळत नाहीत."

मी हाक मारली. मोठ्याने. तीनदा.

मी रोज दवाखान्यात दहा-बारा जणांचे कान तपासते. गाढव! घरचा एक माणूस दिसला नाही मला.

१० मार्च, मंगळवार

बाबांना काचेच्या खोलीत बसवलं. कानांवर हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. मी आवाज वाढवत गेले. ते माझ्या चेहऱ्याकडे बघून अंदाजाने दाबत होते! पाठ फिरवून बसायला लावलं, तेव्हा हात मांडीवर तसाच राहिला.

रिपोर्टच्या मागे लिहिलं, 'मला का नाही सांगितलंत?' त्यांनी लिहिलं, 'तळ्यावर कुणीच बोलत नाही. तिथे मी इतरांसारखाच.'

आता कानाला मशीन बसवू, महिन्याभरात सवय होईल, असं लिहून दिलं. मान हलवून नको म्हणाले. का नको? अजून काहीतरी लपवताहेत. पोटच्या पोरीपासून!

११ मार्च, बुधवार

सकाळी बाबांनी तोच कागद माझ्या उशाशी ठेवला होता. खाली एक ओळ वाढवलेली — 'तुझी आई शेवटी मला काहीतरी सांगत होती. मी नुसती मान डोलावली.'