मागचं संगीत

२ जून
खराडीच्या ऑफिसात आज शेवटचा दिवस. लॅपटॉप जमा, आयकार्ड जमा. मॅनेजर चेतन (वयाने माझ्याहून लहान, पण हे त्याच्या लक्षात राहत नाही) म्हणाला की माझी जागा तो सध्या भरणार नाहीये. मी म्हटलं, खुशाल भर.

आजपासून मी संगीतकार. स्टॉक म्युझिक. घरी हे कुणाला नीट कळत नाही म्हणून इथे एकदा स्पष्ट लिहून ठेवतो. आपण धून बनवायची, वेबसाइटवर टाकायची. जगात कुणालाही जाहिरात, व्हिडिओ, प्रेझेंटेशन असलं काही करायचं असलं की तो ती विकत घेतो. एकदा टाकली की जन्मभर विकली जाते, आपण झोपलेलो असलो तरी. झोपेच्या बाजूने माझी पूर्ण तयारी आहे.

बायकोने, म्हणजे आम्रपालीने, दिवाळीपर्यंत मुदत दिलीय. तोवर संगीतातून घराला हातभार लागला नाही तर मुकाट्याने चेतनकडे परत. दिवाळी म्हणजे फारच झालं. मी गणपतीपर्यंत उरकतो.

३ जून
स्टुडिओ म्हणजे मागची बेडरूम. ती सध्या आईंची. आई म्हणजे आम्रपालीच्या आई, सत्यशीलाबाई, येरवड्यातल्या एका शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे कोथरूडला आल्या होत्या. दृष्टी आली, पण परतीचा रस्ता अजून दिसलेला नाही.

तडजोड झाली: पलंग त्यांचा, टेबल माझं. रेकॉर्डिंग चालू असताना बोलायचं नाही, हे मी नम्रपणे सांगितलं. त्या म्हणाल्या की वर्ग शांत ठेवण्यात त्यांची हयात गेली, जावईबापूंनी काळजी करू नये.

९ जून
पहिली धून पूर्ण. नाव ‘राइज’. मार्केटचा अभ्यास करून बनवलीय. आधी पियानोचे चार कॉर्ड, मग गिटार, मग टाळ्या, शेवटी सगळं एकदम. कंपन्यांना हेच लागतं. त्याच भरात ‘रायझिंग’, ‘अराइज’ आणि ‘सनराइज’ही उरकल्या.

आईंनी पेपरमधून डोकं वर काढून विचारलं की एकच किती वेळा वाजवणार. मी समजावलं की तिसऱ्यात टाळ्या उशिरा येतात. त्या पुन्हा पेपरमध्ये.

१७ जून
वेबसाइटचं उत्तर आलं. चारही नापास. कारण: असं संगीत आमच्याकडे भरपूर आहे.
म्हणजे माझा मार्केटचा अंदाज बरोबर होता.

२८ जून
‘सनराइज’ टाळ्या बदलून पुन्हा पाठवली होती. पास. घरी पेढे आणले. आम्रपाली म्हणाली की विकली गेल्यावर आणायचे होते. ही माणसं आनंद उधारीवर घेतच नाहीत.

संध्याकाळी: चौदा वेळा ऐकली गेली. त्यातला बहुतेक मीच असलो तरी सुरुवात आहे.

११ जुलै
संकल्प. रोज पहाटे पाचला उठणे. रोज एक धून. फोन दुसऱ्या खोलीत.

१२ जुलै
उठायला साडेनऊ. अलार्म दुसऱ्या खोलीत वाजला.

१९ जुलै
परदेशी गिऱ्हाइकांना अस्सल भारत हवा असतो, असं एका अमेरिकन माणसाने व्हिडिओत सांगितलं. माइक घेऊन मंडईत गेलो. मेथीवाल्या बायडाबाईंपुढे माइक धरला. त्यांनी विचारलं की टीव्हीवाले हाय का. नाही म्हटल्यावर म्हणाल्या की मग जुडी घ्या न्हाईतर बाजूला व्हा, मागचं गिऱ्हाईक दिसंना झालंय. चार जुड्या घेतल्या.

घरी येऊन ऐकलं. सबंध रेकॉर्डिंगभर लोक मला सरकायला सांगतायत. खाली बासरी घातली, नाव दिलं ‘इंडियन मार्केट जॉय’.

२७ जुलै
नापास. कारण: पार्श्वभूमीला भांडण ऐकू येते.
मेथी अजून संपलेली नाही.

६ ऑगस्ट
चोरी झाली. आमच्या कोपऱ्यावरच्या एका कोचिंग क्लासने टॉपर्सच्या व्हिडिओला ‘सनराइज’ लावलीय. विकत न घेता, वेबसाइटवरचा फुकट नमुना उचलून. चोरू नये म्हणून त्या नमुन्यात दर दहा सेकंदांनी एक विलायती बाई वेबसाइटचं नाव कुजबुजते. क्लासवाल्यांना तिची काडीची अडचण झाली नाही. दहावीत पहिल्या आलेल्या मुलीच्या फोटोवर ती बरोबर कुजबुजते, आणि खरं सांगायचं तर छान वाटतं.

मी भयंकर संतापलो. व्हिडिओ सहा वेळा पाहिला. आम्रपालीने विचारलं की क्लासमध्ये जाऊन बोलणार का. योग्य वेळी बोलेन.

८ ऑगस्ट
चूक त्या बाईची आहे. पुण्यात कुजबुजून कधी कुणी ऐकलंय? इथे पाटी लावावी लागते. गेटसमोर गाडी लावल्यास चाकातली हवा गेलेली आढळेल, एवढं स्वच्छ लिहिलं की माणूस निमूट गाडी पुढे नेतो. तेव्हा आता स्वतःची वेबसाइट काढायची आणि नमुन्यांवर बोलती पाटी लावायची. मराठीत.

मजकूर लिहिला, रेकॉर्ड केला. ऐकलं तर मी हप्ता पुढे ढकलायला बँकेत फोन केल्यासारखा वाटतो. पुष्कळ टेक झाले. शेवटी आई पलंगावरून म्हणाल्या की याला सूचना नाही, अर्ज म्हणतात. उठून माइकपुढे आल्या, माझा कागद बाजूला सारला आणि एकाच टेकमध्ये म्हणाल्या:
‘हे संगीत विकत घेतलेले नाही. ऐकणाऱ्याने काय ते समजावे.’

मी हेडफोन लावून खुर्चीत सरळ झालो. खिशातला हात आपोआप बाहेर आला.

१५ ऑगस्ट
आईंना गोडी लागलीय. झेंडावंदन करून आल्या ते थेट माइकपुढे. आज आणखी तीन पाट्या:
‘पैसे भरलेले नाहीत, तरी मान डोलते आहे.’
‘दुसऱ्यांदा ऐकताय. आवडले असावे. मग घ्या.’
‘येथपर्यंत फुकट आलात. पुढे लाज वाटावी अशी अपेक्षा.’
सगळ्या धुनांवर दर दहा सेकंदांनी चिकटवल्या. आता चोरून दाखवा म्हणावं.

२ सप्टेंबर
विश्वास बसत नाही. माझ्या साइटवरून नमुन्यांचे डाउनलोड धो धो चाललेत. लोक एकमेकांना पाठवतायत. आम्रपालीच्या ऑफिसातल्या ग्रुपवर माझीच धून तिला परत आली. विक्री अजून नाही, पण आधी कान तयार होतो, मग खिसा.

प्रतिक्रिया सगळ्या आईंबद्दल आहेत. ‘बाई जबरदस्त’, ‘बाईंचा आणखी टाका’, ‘मला चौथीतलं गणित आठवलं’. आपल्या लोकांना संगीतावर बोलायची सवय नाही. शब्द सापडत नाहीत, मग जे सोपं असेल त्यावर बोलतात.

१७ सप्टेंबर
सोसायटीच्या गणेशोत्सवात मुलांच्या फॅन्सी ड्रेसला सेक्रेटरी श्यामरावांनी ‘अराइज’ लावली. नमुनाच लावला, माझ्या परवानगीने. पहिल्यांदाच लोकांनी माझी धून शेवटपर्यंत ऐकली. आईंचा आवाज आला की सगळा मांडव गप्प, मग हशा, मग पुढच्या पाटीची वाट. मधल्या दहा सेकंदांत लोक गप्पा मारत होते, तरी पाय हलत असतीलच. खुर्च्यांमुळे दिसत नव्हतं.

पहिल्या पाटीला मागच्या रांगेतले दोन पन्नाशीचे गृहस्थ उठून उभे राहिले. मी हात जोडून त्यांच्याकडे पाहिलं. नंतर कळलं की ते आईंचे विद्यार्थी.

गणपतीपर्यंत उरकलं नाही. दिवाळीपर्यंत नक्की.

५ ऑक्टोबर
चेतनचा फोन. म्हणाला की दिवाळीनंतर ती जागा तो कुणालातरी देणार, तेव्हा काय ते सांग. मी म्हटलं, बोलणी चालू आहेत. कुणाशी हे त्याने विचारलं नाही. माणूस सभ्य आहे.

११ ऑक्टोबर, रविवार
आई आणि आम्रपाली विहारात गेल्यात. घर रिकामं. सहज म्हणून माझ्या सगळ्या धुना ओळीने लावल्या, आईंच्या पाट्या काढून. निव्वळ संगीत.

तिसरी चालू आहे की सातवी, ते मला कळेना. बनवणाऱ्यालाच कळेना. वाटलं, यात काही नाहीच आहे. असलं काही याआधी कधी वाटलं नव्हतं आणि ते अजिबात आवडलं नाही. लॅपटॉप मिटला आणि उगाच गॅलरीत जाऊन कुंड्यांना पाणी घातलं. आधीच घातलेलं होतं.

दुपारी: कान थकले असावेत. सलग ऐकायचं संगीत नाहीच हे.

१९ ऑक्टोबर
आलं. खराडीच्या एका कंपनीतून राजनंदिनी नावाच्या मॅडमची मेल, मराठीत. शब्दशः उतरवून ठेवतो: ‘तुमच्या साइटवरचा आवाज आम्हाला फार आवडला. आमच्या सिस्टिमसाठी असाच आवाज आम्ही बरेच महिने शोधत होतो.’

साउंडला मराठीत आवाजच म्हणणार. ‘साउंड’ म्हणजे कलाकाराची स्वतःची छाप, ती मिळवायला लोकांचं आयुष्य जातं. मला जून ते ऑक्टोबर लागले. आम्रपालीला मेल दाखवली. तिने दोनदा वाचली, माझ्याकडे पाहिलं, आणि कोणता आवाज ते एकदा फोन करून विचार, असं म्हणाली. असले प्रश्न विचारून भाव पाडून घ्यायचा नसतो.

मेलच्या शेवटी भेटायला बोलावलंय, आणि लिहिलंय की येताना बाईंनाही आणावे. घरंदाज लोक दिसतात.

२८ ऑक्टोबर
खराडी. माझ्या जुन्या ऑफिसचीच बिल्डिंग, फक्त दोन मजले वर. नवा कुर्ता घातला होता. लिफ्टमध्ये चेतन भेटला. मी म्हटलं, क्लायंट मीटिंग. आईंनी त्याला आपादमस्तक पाहून घेतलं आणि शर्ट आत खोचायला सांगितलं. त्याने खोचला.

ही कंपनी लिफ्ट, पार्किंग आणि सोसायट्यांच्या गेटवर बोलणारी यंत्रं बसवते. राजनंदिनी मॅडम म्हणाल्या की त्यांच्याकडचा आवाज फार गोड आहे, त्यामुळे कुणी जुमानत नाही. मी लगेच ‘राइज’ लावली आणि वरच्या मजल्याकडे जाताना सूरही कसा चढत जाईल, ते हाताने दाखवलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग आईंपुढे एक कागद ठेवला. आईंनी पर्समधून लाल पेन काढून ‘प्रिय ग्राहक’ खोडलं. म्हणाल्या की लिफ्टची कुणाशी ओळख नसते. ‘कृपया’ एकच ठेवलं, तेही अपंगांच्या पार्किंगसाठी. मग वाचून दाखवलं. सगळं ऑफिस टेबलाभोवती गोळा झालं.

एकूण मीटिंग उत्तम झाली. नमुना घरून करून पाठवायचा आहे. मी आईंच्या वाक्यांखाली ‘सनराइज’ घालतोय, हलकीशी. आता नाही म्हणणं त्यांना जड जाईल.

९ नोव्हेंबर
दिवाळी. मुदत काल संपली. आम्रपालीने सकाळी चहा टेबलावर आणून दिला आणि केसांतून हात फिरवला. ती भांडली असती तर बरं झालं असतं. भांडणाला माझ्याकडे मुद्दे तयार होते, याला काही नव्हतं. चहा अर्धाच प्यायलो. फार गोड झाला होता.

१३ नोव्हेंबर
मेल. सगळी वाक्यं मंजूर. करार आईंच्या नावाने, दोन वर्षांचा, पुढे गेट आणि पार्किंगचंही काम. दिवसा खोली त्यांनाच लागेल. शेवटच्या ओळीत एकच दुरुस्ती:
‘मागचं संगीत काढून पाठवावे.’

ती ओळ आईंना वाचून दाखवली. मला वाटलं, काहीतरी खोचक बोलतील. त्या म्हणाल्या की त्यांना तर त्याची सवय झाली होती, आता एकटं बोलायचं म्हणजे कसंतरीच वाटेल. हे खरं होतं की माझ्यासाठी होतं, ते कळलं नाही. विचारायचं धाडसही झालं नाही.

मग काढलं. एक बटण दाबायचं असतं, म्यूटचं. आवाज आधीपेक्षा कितीतरी चांगला वाटला. हे मी इथेच लिहितोय, कुठे बोलणार नाही.

संध्याकाळी चेतनला फोन केला. सोमवारपासून रुजू.

७ डिसेंबर
आज ऑफिसच्या लिफ्टमध्ये नवं यंत्र चालू झालं. सकाळची गर्दी, मी मागे कोपऱ्यात, पुढे चेतन. दार लागताना आई म्हणाल्या, ‘दार बंद होत आहे. धावत येणाऱ्याने घरून लवकर निघावे.’ पाय मध्ये घालणाऱ्या एका पोराने पाय काढून घेतला. सगळे हसले, मग एकदम गप्प झाले, दुसऱ्या मजल्यावर त्या काय म्हणतात ते ऐकायला. चेतनने शर्ट चाचपून पाहिला.

माझं लक्ष दोन वाक्यांच्या मधल्या जागेकडे होतं. एवढी माणसं कान देऊन उभी होती आणि तिथे काहीच वाजत नव्हतं, अगदी स्वच्छ. शेजारच्या माणसाला सांगावंसं वाटलं की ते काढायचं काम मी केलंय. तेवढ्यात माझा मजला आला.