व्हॅल्डोराच्या वेबसाइटवर तीन आठवडे

५ जानेवारी, रविवार. सकाळी ७.४०
पंप चालू झालाच नाही. वरची टाकी कोरडी. चौथ्या मजल्यावरच्या बकुळामावशी कळशी घेऊन खाली आल्या आणि माझ्याच दाराशी उभ्या राहिल्या. साहजिक आहे.

नोंद राहावी म्हणून लिहितो: आमच्या बिल्डिंगचा पंप आपोआप चालू-बंद करणारा कंट्रोलर मी स्वतः, टेलिफोन खात्यात असताना, १९९९ साली बनवला. डब्यावर पांढऱ्या ऑइलपेंटने 'अच्युत ऑटोमॅटिक' लिहिलं आहे. सव्वीस वर्षांत आज पहिल्यांदा बंद पडला. सेक्रेटरी धनेश म्हणाला, सातव्यांदा. त्यातल्या काही वेळा वीज नव्हती. त्या मी धरत नाही.

निदान: चिप गेली. मीटर लावून बघायची गरज पडली नाही. अनुभव.

धनेश म्हणाला, लॅमिंग्टन रोडला तयार कंट्रोलर मिळतो, चालत दहा मिनिटं. त्याला म्हटलं, तयार डबाच आणायचा तर बिल्डिंगमध्ये इंजिनियर कशाला हवा? तो मान हलवून निघून गेला. पटलं असणार.

२६ जानेवारीला बिल्डिंगचा सत्यनारायण. दोनशे माणूस प्रसादाला. त्या दिवशी पाणी गेलं तर गिरगावात तोंड दाखवायची सोय नाही. माझ्या तोंडाबद्दल बोलतोय.

निर्णय: चिप थेट कंपनीकडून. व्हॅल्डोरा सेमिकंडक्टर्स, नग VD4107. दोन दिवसांचं काम.

६ जानेवारी, सोमवार
वेबसाइट उघडली. पांढरा कोट घातलेली एक बाई आभाळाकडे बघून हसते आहे. खाली इंग्रजीत: 'उद्याला आज सक्षम करताना'. मग पवनचक्की. मग लहान मूल. मग कुत्रा. चिप कुठेच नाही. चिपा बनवणाऱ्या कंपनीला चिपांची लाज वाटत असावी.

वर मेनू: सोल्युशन्स, इनसाइट्स, सस्टेनेबिलिटी, अवर जर्नी. यांची जर्नी मला काय करायची आहे? माझं पाणी अडलंय.

'प्रॉडक्ट्स' सापडलं. अगदी तळाला, राखाडीवर राखाडी अक्षरांत. दाबणार इतक्यात कुकीची पाटी वर सरकली. कुकीला हो म्हटलं. पान पुन्हा बाईपासून सुरू.

सर्चमध्ये VD4107 टाकलं. उत्तर: शून्य. 'तुम्हाला व्हिडिओ म्हणायचं होतं का?' मध्ये रेघ घालून VD-4107 टाकलं. तीन उत्तरं. एक, २०११ ची बातमी. दोन, मोठे साहेब झाड लावताना. तीन, मलेशियात नोकरी.

मलेशियाची जाहिरात पूर्ण वाचली. वयाची अट आहे.

तोवर पाण्याचं काय? धनेश पहाटे उठून हाताने स्विच दाबतो. तरुण आहे, सत्तेचाळीस.

७ जानेवारी, मंगळवार
डेटाशीट, म्हणजे चिपची माहिती, बघायची तर आधी रजिस्टर व्हा. झालो. म्हणजे होत होतो.

हुद्दा: 'निवृत्त' हा पर्यायच नाही. 'सीईओ' निवडला, कारण त्याच्या खालचं काही दिसत नव्हतं. कंपनीचं नाव सक्तीचं. सोसायटीचं टाकलं. उद्योग: यादी ए अक्षरापासून सुरू होते आणि सरकत नाही. 'एअरोस्पेस अँड डिफेन्स' घेतलं. राज्य: गोवा आहे, दमण आहे, महाराष्ट्र नाही. 'इतर' केलं. एकशे सहा हुतात्मे झाले ते काय 'इतर' व्हायला?

मग मी माणूस आहे हे सिद्ध करायचं. नऊ चौकोनांतले सिग्नल ओळखा. परदेशातले सिग्नल. त्यात खांब धरायचा की नाही? धरला. मी माणूस नाही असं ठरलं. नाही धरला. तरी नाही. मीनाक्षी मागे उभी होती, म्हणाली की मला आधीच माहीत होतं. बायकोची मस्करी पस्तीस वर्षांनी कळत नाही, नुसती ऐकू येते.

८ जानेवारी, बुधवार
तात्पुरती व्यवस्था म्हणून कंट्रोलरमधल्या रिलेला, म्हणजे आतल्या स्विचला, रबरबँड लावला. कोथिंबिरीच्या जुडीचा. असं सुचायला डिग्री लागते. उद्यापासून पंप आपोआप चालला पाहिजे.

९ जानेवारी, गुरुवार
चालला नाही. रबरबँडला बसायला चोवीस तास लागतात.

दुपारी तासभर पूर्ण बिल्डिंगची वीज गेली. फॉर्म ऐंशी टक्के भरला होता, सगळा पुसला गेला. मीनाक्षी घरात नव्हती. खाली धनेशकडे काहीतरी काम होतं म्हणाली. माझ्या ऐंशी टक्क्यांचं कोणाला काही नाही.

१० जानेवारी, शुक्रवार. सकाळी ६.१५
चालला! टाकी भरून वाहायच्या आत बंदही झाला. बकुळामावशी खास सांगायला आल्या, असं जोरात पाणी नळाला कधी आलंच नव्हतं. त्यांना रबरबँडचं तत्त्व समजावलं. त्या माझ्याकडे फार मायेने बघत होत्या.

धनेशलाही समजावलं. तोही मायेने बघत होता. कौतुक पचवायला शिकलं पाहिजे.

पण रबरबँड तो रबरबँडच. सव्वीस तारखेचा भरवसा त्याच्यावर टाकता येणार नाही. अस्सल चिप हवीच. शोध चालू.

११ जानेवारी, शनिवार
निवडीचं कोष्टक सापडलं. त्रेचाळीस रकाने. व्होल्टेज निवडलं की तापमान पुसलं जातं. तापमान निवडलं की कोष्टक वजनाप्रमाणे लागतं. चिपेचं वजन! भाजी घ्यायचीय का?

शेवटी चारशे बाराव्या ओळीत माझी VD4107. डोळ्यांत पाणी आलं. समोर शेरा: 'नव्या डिझाइनसाठी शिफारस नाही'. माझं डिझाइन १९९९ चं आहे, तेव्हा हा नियम मला लागू नाही. 'पर्यायी नग' असं निळ्या अक्षरांत होतं, ते दाबलं. अंतराळवीराचं चित्र आलं. 'अरेरे, हे पान हरवलं.' पान यांनी हरवलं आणि अरेरे मी म्हणायचं.

डेटाशीटला कुलूप. विनंती केली. विचार करून कळवतील.

१३ जानेवारी, सोमवार
मदतीला व्हेरा नावाचा रोबो आहे. तिला विचारलं, एक VD4107 कशी मिळेल? म्हणाली, प्रश्न छान आहे. आणि मुखपृष्ठाची लिंक दिली. आभाळाकडे बघणारी बाई. पुन्हा विचारलं. पुन्हा प्रश्न छान. मग तिला माझी पूर्ण सर्व्हिस सांगितली, १९८४ च्या खातेपरीक्षेपासून. शांतपणे ऐकून घेतलं. या घरात ते कोणी ऐकलेलं नाही. शेवटी तिने विचारलं, समाधान झालं का, पाचपैकी किती तारे? चार दिले.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत
डेटाशीट आली! चिनी भाषेत आहे. चार पानं, तिसरं कोरं. आकृत्यांवरून सगळं समजलं. बरंचसं.

मीनाक्षी म्हणाली, तिळगूळ घ्या आणि निदान त्या व्हेराशी तरी गोड बोला.

१६ जानेवारी, गुरुवार
सुटी एकच चिप विकत नाहीत. नमुना मागवता येतो. त्याचा फॉर्म.

वार्षिक गरज: सर्वांत लहान पर्याय 'पन्नास हजार ते एक लाख नग'. 'एक' हा आकडा यांच्या शाळेत शिकवत नाहीत. सर्वांत लहान तोच निवडला, प्रामाणिकपणे. प्रकल्पाचं नाव: 'गिरगाव वॉटर ऑटोमेशन, फेज वन'. सुरुवात: २६ जानेवारी. लाभार्थी: जनता. यात खोटं काय आहे? बकुळामावशी जनता नाहीत का?

१७ जानेवारी, शुक्रवार
व्हॅल्डोराचा फोन!! ऑफिसातली पूर्वी नावाची मुलगी. मला 'सर' म्हणाली. चोवीस तारखेला ती आणि तिचे वरिष्ठ स्वतः भेटायला येणार. प्रकल्पात वरूनही रस घेतला गेलाय. वरून म्हणजे परदेशातून असावं.

असे लोक कोणाकडेही येत नाहीत, असं मीनाक्षीला म्हटलं. ती म्हणाली, नाहीच येत.

१८ जानेवारी, शनिवार
धनेश घरी आला. सत्यनारायणाच्या दिवशी कमिटी माझा सत्कार करणार आहे. शाल, श्रीफळ. मी म्हटलं, अरे चिप तर येऊ दे. तो म्हणाला, चिपेचं काही नाही काका, तुमचं योगदान आहे. कधीकधी लोकांना उशिरा समजतं, पण समजतं.

भाषण लिहायला घेतलं. सुरुवात वाफेच्या इंजिनापासून.

२२ जानेवारी, बुधवार
भाषण अकरा पानं. १९९९ अजून यायचंय.

वेबसाइटचा पासवर्ड मुदत संपून रद्द. नवा घ्यायला जुना मागतात, आणि जुना चालत नाही.

धनेश म्हणाला, पाहुण्यांना घरीच बसवा, पंपरूममध्ये नेऊ नका, खाली फार घाण आहे. मी म्हटलं, इंजिनियर लोक घाणीला भीत नाहीत. त्याचा चेहरा उतरला. बिल्डिंगच्या अब्रूची काळजी असलेला सेक्रेटरी आहे, हे मान्य करायला हवं.

२४ जानेवारी, शुक्रवार
लिहू नये असं वाटतंय. पण रोजनिशी आहे.

अकरा वाजता आले. साहेब टायमध्ये. पूर्वी लॅपटॉप घेऊन. कमिटीचे पाचही जण इस्त्रीचे शर्ट घालून आमच्या बाहेरच्या खोलीत. मीनाक्षीने पोहे केले होते. साहेबांनी आधी पोह्यांची आणि मग देशातल्या पाणीप्रश्नाची स्तुती केली. मग विचारलं, फेज वनमध्ये किती नग, फेज टूमध्ये किती.

मी म्हटलं, "सध्या एक."

साहेबांनी विचारलं, एक लाख? मी म्हटलं, एक. साहेबांना महत्त्वाचा फोन आला. फोन वाजलेला मला ऐकू आला नाही, व्हायब्रेटवर असेल. बोलत बोलत जिना उतरले ते उतरलेच. पोहे अर्धे तसेच.

पूर्वी मात्र थांबली. म्हणाली, आलेच आहे तर बोर्ड दाखवा काका. 'सर' वरून 'काका' झालो होतो, ते लक्षात आलं.

पंपरूममध्ये गेलो. कमिटी मागोमाग. ती अर्ध्या मिनिटात मीटर लावून म्हणाली, चिप ठणठणीत आहे, फ्यूज उडालाय. मी म्हटलं, रबरबँड लावल्यापासून चालतोय ना पण. ती वाकून मागे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "काका, याला पंपाची वायरच जोडलेली नाहीये. पंप या निळ्या डब्यावर चालतोय."

मीटरबोर्डाच्या मागे एक निळा डबा. तयार. वर स्टिकर, त्यावर पेनाने तारीख: ९ जानेवारी.

धनेश छताकडे बघत होता. बाकीचे चौघेही. छतात बघण्यासारखं काही नाही.

काहीतरी बोलायचं म्हणून पूर्वीला विचारलं, तुमची ती वेबसाइट कोणासाठी केलीय हो? म्हणाली, माहीत नाही काका, आम्हीसुद्धा उघडत नाही. गुगलवर नंबर टाकतो.

२५ जानेवारी, शनिवार
शांत डोक्याने विचार केला.

एक: निळ्या डब्याचं तत्त्व माझंच आहे. पाणी आलं की चालू, भरलं की बंद. हे मी १९९९ साली सांगितलं होतं. दोन: फ्यूज हा चिपेचाच भाग मानता येतो. तीन: सत्कार होणार आहे, म्हणजे लोकांच्या मनात आदर आहे.

व्हॅल्डोराला तक्रार पाठवली. विषय यादीतूनच निवडायचा: गुंतवणूक, भागीदारी, प्रशंसा. तक्रार नाही. 'प्रशंसा' निवडून तक्रार लिहिली. शंभर अक्षरांची मर्यादा. 'माननीय महोदय' आणि माझा हुद्दा एवढंच मावलं. लगेच आभाराचं पत्र आलं.

उद्या भाषणात सगळं स्पष्ट करीन. सोळा पानं.

२६ जानेवारी, रविवार. दुपारी ४
सत्यनारायण झाला. प्रसाद सगळ्यांना पुरला. पाणी कुठेही कमी पडलं नाही.

आधी दहावीच्या मुलीचा सत्कार, मग माझा. टेबलावर माझा कंट्रोलर आणून ठेवला होता, पुसून, झेंडूचा हार घालून. समोर उदबत्ती. ती पूजेची होती, पण समोर होती. धनेशने माइकवर सांगितलं, "अच्युतकाका आजपासून पंपाच्या जबाबदारीतून मुक्त होत आहेत." टाळ्या वाजल्या. दहावीच्या मुलीला चौऱ्याण्णव टक्के होते, तिला इतक्या वाजल्या नाहीत.

दोन शब्द बोला म्हणाले. सोळा पानं खिशात होती. समोर सगळी बिल्डिंग बसलेली, सगळे मायेने बघत होते. ते बघणं तेव्हा कुठे मला कळलं. मी एकच शब्द बोललो. धन्यवाद.

वाईट वाटलं. फार वाटलं. लिहून ठेवतो, कारण दुसऱ्या कोणाला सांगणार नाही.

घरी आल्यावर मीनाक्षीला विचारलं, पंधरा दिवस पूर्ण बिल्डिंगला माहीत होतं, मला एकाने सांगू नये? ती शालीची घडी घालत होती. म्हणाली, सांगितलं असतं तर तुम्ही त्याच दिवशी तो डबा काढून टाकला असता, आणि बकुळामावशी या वयात चार जिने कळशी वाहत बसल्या असत्या.

काढला असता. लगेच काढला असता.

थोड्या वेळाने विचारलं, पण नऊ तारखेला बिल्डिंगची वीज बंद, पंपरूममध्ये मिट्ट काळोख. धनेशला एकट्याला ते जमणं शक्य नाही. टॉर्च कोणी धरला होता?

"मी," म्हणाली.