माझ्या दहाव्याला माझ्या वतीने कोणी बोलू नये

लिहून ठेवणार व्यंकट आबाराव लोमटे, वय चौसष्ट, राहणार ढोकी, जिल्हा उस्मानाबाद. गुडघे गेले आहेत, डोकं शाबूत आहे. कोणाचा दाब नाही, नशापाणी नाही. राजीखुशीने लिहितो ते असे:

१. बहात्तरच्या दुष्काळात मी खडी फोडत होतो. साखर कारखान्याने मला फोनच्या खोलीत बसवलं, ते उपकार विसरणार नाही. त्या पगारातून बांधलेलं पत्र्याचं घर माझ्या स्वकष्टाचं आहे. ते माझी विधवा सून सत्यभामा हिला देतो. ती लग्न करून दुसऱ्या घरी गेली तरी ते तिचंच राहील.

२. माझा मुलगा सिदू गेला तेव्हा मी तापाने अंथरुणाला खिळलो होतो. दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. माझा धाकटा भाऊ महारुद्र हात जोडून म्हणाला, "सिदू, काळजी करू नगंस, सत्यभामा दुसरं घर करणार न्हाय." तेवढ्यात कावळा शिवला आणि ती सिदूची इच्छा ठरली. कावळ्याला भूक लागली असेल, हे कोणी ध्यानात घेतलं नाही. महारुद्रच्या मनात वाईट नव्हतं, पण मी अजून चिडून आहे. येडशीच्या कंपाउंडरने सत्यभामेला मागणी घातली आहे. तिच्याही मनात आहे, पण नवऱ्याला दिलेला शब्द म्हणून ती गप्प बसते.

३. ट्रंक कॉल जोडताना वाटायचं, उद्या वर गेलेल्यांशीही लाइन जुळेल. तसं यंत्र गावात आलं तर पहिला कॉल सत्यभामेचा. नवऱ्याला तिने स्वतः विचारावं. सिदू काय म्हणेल ते मला ठाऊक आहे: "अगं, इतकी वर्षं थांबलीस कशाला?" मला मात्र फोन लावू नये, लाइन एंगेज लागेल. आधीच वर गेलेल्या माझ्या बायकोशी, हरणाबाईशी, बरंच बोलायचं राहिलं आहे.

४. रेडिओ महारुद्रला. चिडलो म्हणून भाऊ परका होत नाही.

५. सत्यभामा सकाळी बालवाडीत शिकवते, दुपारी माझे गुडघे शेकते. पोटच्या लेकीनेही इतकं केलं नसतं. मी तिचा ऋणी आहे.

६. माझी इच्छा एकच, ती जिवंतपणी सांगतो: सत्यभामेने लग्न करावं. दहाव्याला माझ्या नावाने दुसरं काही कबूल करू नये.

हे मी महारुद्रला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "दादा, आन् कावळा शिवलाच न्हाय तर?"

मी म्हणालो, "तर तिचं लगीन व्हईस्तोर मी थांबतो. मला घाई न्हाय."

हेही लिहून ठेवलं.

ढोकी, ९ मार्च १९८४
सही: व्यंकट आबाराव लोमटे

समक्ष सह्या:
मच्छिंद्र गाढवे
बंडप्पा स्वामी