तुझा फोन एंगेज होता

आई,

तुझ्याच जिन्यात बसून लिहितेय.

बेल दाबणार तोच आतून माझा आवाज आला, "आपण आमच्यासाठी मोलाचे आहात. कृपया थोडा वेळ थांबा." फोन कंपनीच्या तक्रार केंद्रासाठी मीच रेकॉर्ड केलेलं वाक्य. दाराच्या फटीतून पाहिलं, तर फोन स्पीकरवर ठेवून तू मटार सोलत होतीस. "थांबते गं," तू म्हणालीस, "पण तू जेवलीस का?"

मला वाटलं, तुझा फोन बिघडला असेल. जिन्यात भेटलेल्या शेजारच्या काकूंना तसं म्हटलं, तर त्या हळूच म्हणाल्या, "कसली तक्रार? खरं माणूस बोलायला आलं की फोन ठेवून देतात. रोज दुपारचं आहे हे. लेकीचा आवाज कानावर पडतो म्हणतात."

त्या वाक्यात माया कमी पडते म्हणून स्टुडिओत पुन्हापुन्हा म्हणायला लावलं होतं. शेवटी डोळे मिटून तुझा चेहरा आठवला, तेव्हा कुठे जमलं. बाहेर आले तर तुझाच फोन वाजत होता. तो मी कापला.

हे पत्र तुला देणार नाही. गोड शब्द पुष्कळ पुरवलेत तुला.

आत्ता तुला फोन लावला, तर एंगेज लागला. आत तू माझ्याशीच बोलत होतीस.

तुझी लेक,
दाराबाहेर